काय वाचायलाय सध्या?



या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा पत्रात विषयही लिहून आला होता : वाचनसंस्कृतीपुढील आव्हाने. मी कळवलं, एवढं ओझं माझ्याच्याने उचलवणार नाही. खरं कारण वेगळं होतं. या विषयावर बोलायला वाचावं काहीच लागत नाही. मोबाइलला नावं ठेवायची, इंग्रजी शाळांवर घसरायचं, कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांच्या सरकारांना समान न्यायाने झोडपायचं आणि आभारप्रदर्शनाच्या आत खाली बसायचं. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्यांना हे आवडलं नसतं. त्यांचे विद्यार्थी सांगतात, गुरुजी बाजारात भेटले की आधी तब्येत विचारायचे नाहीत, नोकरी विचारायचे नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणायचे, "काय वाचायलास सध्या?" आणि उत्तर नसलं तर समोरचा पोरगा चाळिशीचा असला तरी गल्ली बदलून जायचा.

मला आज तेवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

आपण बेळगाव-निपाणीच्या या सीमाभागात पुस्तकांचा मान फार ठेवतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी, तिकडे निपाणीच्या बाजूला कारदगा, या गावांत साहित्य संमेलनं भरतात. मोठ्या शहरांना हेवा वाटावा अशी भरतात. गावकरी घरोघरी पाहुणे ठेवून घेतात, बायका डोक्यावर कलश घेतात, ग्रंथदिंडी निघते, झांजपथक असतं, पालखीत ज्ञानेश्वरी असते, गाथा असते. मी त्या दिंड्यांत चाललो आहे आणि पुढेही चालेन. पण मंडपात बसल्यावर शेजारच्याला विचारून पाहा, बाबा रे, तू या महिन्यात काय वाचलंस? तो दचकतो. आपली परीक्षा घेतली जातेय असं त्याला वाटतं. पुस्तक पालखीत बसलं की त्याच्या पाया पडणं सोपं जातं, त्याच्याबद्दल गप्पा मारणं अवघड होतं.

एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच गावची. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले. तेव्हा ते शिकागोचे विवेकानंद नव्हते, देशभर भटकणारा एक तरुण बंगाली संन्यासी होते. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरले आणि मग हरिपद मित्र या वनाधिकाऱ्याकडे राहिले. भाट्यांचं ते घर आता स्मारक आहे, शाळांच्या सहली तिथे जातात. पण हरिपद मित्रांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलेला एक प्रसंग सहलीतल्या पोरांना कुणी सांगत असेल असं मला वाटत नाही. गप्पांच्या ओघात स्वामीजींनी डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधली दोन-तीन पानं धडाधड तोंडपाठ म्हणून दाखवली. हरिपद चकित. धर्मग्रंथ पाठ असणं समजू शकतं, पण ही विनोदी कादंबरी? किती वेळा वाचलीत? तर दोनदा. एकदा शाळेत असताना आणि एकदा अलीकडे, पाच-सहा महिन्यांपूर्वी.

हरिपद मित्रांनी हा प्रसंग स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून नोंदवला आणि पुढे सगळ्यांनी तो तसाच सांगितला. स्मरणशक्तीचं मला विशेष वाटत नाही. मला मजा याची वाटते की पायात धड वहाण नसलेला माणूस त्या वर्षी डिकन्स पुन्हा एकदा वाचत होता. शाळेत आवडलेलं पुस्तक त्याने परत उघडलं होतं. आणि ज्याच्या घरी उतरला त्याला त्यातला मजेचा भाग म्हणून दाखवल्याशिवाय त्याला राहवलं नाही. वाचनाचा संस्कार, वाचनाची शिस्त, यातलं तिथे काही नव्हतं. आवडलं होतं, बस.

वाचण्याची सोयही इथे जुनी आहे : आपल्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची. पुण्याचं नगर वाचन मंदिर त्याच वर्षीचं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. म्हणजे रेल्वेच्या आधी आपल्याकडे वाचनालयं आली. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव आजच्या कर्नाटकात आलं, मग कायदेही वेगळे झाले. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. कर्नाटकात खातं स्वतः ग्रंथालयं चालवतं, महाराष्ट्रात लोकांनी काढलेल्या ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळतं. सीमेवरची जुनी मराठी वाचनालयं या दोन्ही घड्यांत नीट बसली नाहीत. ती वर्गणी, देणगी आणि चार-दोन हट्टी माणसांवर उभी राहिली. यावर एक वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

आज मला त्या वाचनालयांतली पुस्तकंच आठवतात. जुन्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, 'वा!' दोन पानांनी दुसऱ्या अक्षरात, 'यात वा काय आहे?' आणि त्याखाली तिसऱ्याचं, 'आधी पुढे वाचा.' ग्रंथपाल वैतागायचे, दंड करीन म्हणायचे, आणि नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. पण एकमेकांना कधी न भेटलेली तीन माणसं एका पुस्तकावर बोलत होती, आणि चौथा मी, ती पेन्सिल वाचण्यासाठी पुस्तक पुरं करत होतो.

कुणी म्हणेल, बोलायला माणूस सापडला पाहिजे ना. मग कथाकार जी. ए. कुलकर्णींचं काय? चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात १९२३ साली जन्म, बेळगावात शिक्षण, धारवाडच्या कॉलेजात इंग्रजीची प्राध्यापकी. काळा चष्मा, समारंभांना नकार, फोटोला नकार. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही त्यांनी परत केला. माणूसघाणा म्हणून त्यांची इतकी ख्याती की धारवाडला त्यांच्या घरापर्यंत जाऊन दार न वाजवता परत आलेले वाचक मला ठाऊक आहेत. आणि याच माणसाने पत्रं किती लिहावीत? सुनीता देशपांडे, श्री. पु. भागवत, म. द. हातकणंगलेकर, माधव आचवल, जयवंत दळवी, या सगळ्यांना. जी.एं.च्या निवडक पत्रांचे खंड निघाले आहेत. पहिला अख्खा सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा.

कथांमधले जी.ए. मनात ठेवून ती पत्रं उघडाल तर गोंधळून जाल. तिथे नियती नाही, काळोख नाही. एक गप्पिष्ट, चेष्टेखोर माणूस आहे. काय वाचतोय ते सांगतो, काय अर्धवट टाकलं ते सांगतो, एखाद्या नामवंत लेखकाची टोपी उडवतो, एखाद्या अनोळखी इंग्रजी पुस्तकाबद्दल पानभर लिहितो. दार बंद ठेवणाऱ्या या माणसाने पोस्टाची खिडकी सताड उघडी ठेवली होती. ज्यांना माणसांत बसायचा संकोच वाटतो त्यांनाही वाचलेलं सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, याहून मोठा पुरावा मला नको.

सुनीताबाईंचा विषय निघाला म्हणून जाता जाता त्यांच्या पतींबद्दल. पु. ल. देशपांडे आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते आणि इथल्या रावसाहेबांना त्यांनी 'गणगोत' या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात अजरामर करून ठेवलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बेळगावकराला पुलंबद्दल काही सांगायला जाणं धोक्याचं असतं. तो आपल्यालाच 'रावसाहेब' तोंडपाठ म्हणून दाखवतो, तेही शिव्यांसकट.

तर जी.ए. पत्रांवर थांबले नाहीत. अमेरिकेत ओहायोच्या जंगलात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या माणसांवर कॉनराड रिक्टर यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्या जी.एं.नी 'रान', 'शिवार', 'गाव' या नावांनी मराठीत आणल्या. स्वतःच्या कथेचं एक-एक वाक्य तासणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या एवढ्या पानांवर वेळ का घालवावा? समीक्षक याची बरीच कारणं देतील. माझ्या मते अनुवाद म्हणजे 'मी हे वाचायलोय, तूही वाच' असं सांगण्याचाच सगळ्यात कष्टाचा प्रकार आहे.

याचं दुसरं उदाहरण तर कन्नड आणि मराठीच्या मधोमध उभं आहे. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. भैरप्पा, शिवराम कारंत हे कन्नड लेखक मराठी घरांत पोचले ते मुख्यतः त्यांच्या हातून. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या कामाची रीत मला पुरस्कारापेक्षा मोलाची वाटते. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचायचे, टेपवर भरून ठेवायचे आणि कामाला जायचे. उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत उतरवायच्या. संध्याकाळी शंका, चर्चा, वाद. पुढे विरूपाक्षांनी मराठी पुस्तकं कन्नडात नेली. म्हणजे महाराष्ट्रात जे हजारो लोक भैरप्पांचं 'पर्व' वाचून भारावले, त्यांच्या हातातलं पुस्तक एका नवऱ्याने बायकोला वाचून दाखवण्यातून तयार झालं होतं. आपल्याकडे नवरा-बायको एकमेकांना मोठ्याने काय वाचून दाखवतात? विजेचं बिल.

मोठ्याने वाचण्याचा धागा धरून जरा लांब जाऊ या, क्यूबात. तिथेही निपाणीसारखीच तंबाखू. हवानाच्या सिगार कारखान्यांत कामगार रांगेने बसून पानं गुंडाळायचे. हात गुंतलेले, कान मोकळे. १८६५ मध्ये तिथल्या एल फिगारो कारखान्यात एक प्रथा सुरू झाली. कामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे काढून एक वाचणारा ठेवला. तो उंच बाकावर बसायचा, आधी वर्तमानपत्र वाचायचा आणि मग कादंबरी. कुठली कादंबरी, ते कामगार ठरवायचे. पुढच्याच वर्षी स्पॅनिश राज्यपालाने यावर बंदी घातली. ऐकून ऐकून माणसं शहाणी होतात, ही भीती कुठल्याही सरकारला पहिल्यांदा वाटते. प्रथा मेली नाही. कामगारांबरोबर ती समुद्र ओलांडून अमेरिकेत फ्लोरिडात गेली. १९३१ मध्ये तिथल्या मालकांनी वाचणारे काढून टाकले आणि त्यांच्या जागी रेडिओ बसवले. हवानात मात्र ती टिकली. 'माँटेक्रिस्टो' नावाचा जगप्रसिद्ध सिगार आहे. ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'वरून ते नाव आलं, कारण ती कादंबरी या कामगारांच्या आवडीची. एखाद्या विडीच्या बंडलाला 'ययाति' नाव पडावं तसं!

इतकं लांब जायचं नसेल तर केरळात जा. कण्णूरच्या विडी कारखान्यांत एक जण पेपर वाचायचा, बाकीचे विड्या वळायचे, आणि संध्याकाळी प्रत्येक जण आपल्या विड्यांतला वाटा त्याला द्यायचा, म्हणजे त्याची मजुरी बुडू नये. हजारी विड्यांवर मजुरी मिळणाऱ्या माणसांनी हे केलं. त्यांच्यात पुढे संघटना उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये दिनेश बीडीसारखी कामगारांची सहकारी संस्था निघाली, त्याच्या मुळाशी अभ्यासक हे वाचनही धरतात.

आता निपाणी. तंबाखूच्या वखारीत दिवसभर चाळणी मारणाऱ्या, नाकातोंडात जर्दा गेलेल्या बायका, घरी मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानात विडी वळणाऱ्या म्हाताऱ्या, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ६ एप्रिल १९८१ चा शेतकऱ्यांवरचा गोळीबारही इथल्याच तंबाखूच्या दराच्या आंदोलनात झाला. अनिल अवचट इथे येऊन त्या कामगार बायकांवर लिहून गेले. पण ते पाहुणे होते. घरचा माणूस होता महादेव मोरे.

मोऱ्यांची निपाणीत पिठाची गिरणी होती. त्याआधी टॅक्सी, गॅरेज, ड्रायव्हर-क्लीनरांची संगत. कथा-कादंबऱ्या त्यांनी त्याच माणसांवर लिहिल्या : हमरस्त्यावरचे ड्रायव्हर, मिस्त्री, तंबाखूतल्या बायका, जोगतिणी. 'झोंबडं', 'चिताक', 'एकोणिसावी जात'. सीमेवरची बोली त्यांनी इतकी जशीच्या तशी उतरवली की पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडखळायला होतं. पट्ट्याचा आवाज, अंगावर पीठ, आणि हा माणूस दळण टाकता टाकता लिहीत राहिला. २०२४ मध्ये ते गेले. वर्तमानपत्रांनी 'गिरणीवाला लेखक' म्हणून मथळे दिले. आदराने दिले, पण मला ते रुचले नाहीत. प्राध्यापक लेखक गेला तर 'खडूवाला लेखक' असं कुणी छापत नाही.

मोऱ्यांच्या बाबतीत आपलंही थोडं चुकलं आहे. त्यांचे सत्कार झाले, शाली झाल्या. पण निपाणीच्या ज्या गल्ल्या त्यांनी लिहिल्या, त्या गल्ल्यांत संध्याकाळी चार माणसं जमवून त्यांची एक कथा मोठ्याने वाचावी, हे किती वेळा झालं? ज्या बाईवर कथा आहे तिला अक्षर येत नसेल, पण कान तर आहेत. हवानाच्या कामगारांतल्या कितीकांना कुठे वाचता येत होतं?

आता मी जरा नाजूक बोलणार आहे. रागावू नका. आपल्या भागात मराठी पुस्तक हे आपण झेंड्यासारखं धरतो. त्याला कारणं आहेत आणि ती खरी आहेत. या शहरात १९२९, १९४६ आणि २००० साली अखिल भारतीय संमेलनं झाली. पहिल्याचे अध्यक्ष शिवरामपंत परांजपे, दुसऱ्याचे माडखोलकर, तिसऱ्याचे य. दि. फडके. १९४६ चं संमेलन आपल्याला आठवतं ते संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावासाठी. आठवावंच. पण पोराच्या हातात पुस्तक देताना आपण काय म्हणतो? 'मराठी टिकली पाहिजे, वाच.' पोरगा काय ऐकतो? की पुस्तक आजारी आहे आणि मी औषधपाणी करायचं आहे. बारा वर्षांच्या पोराला कर्तव्य म्हणून कोण वाचायला बसेल? त्याला सांगा, लंपन नावाचा तुझ्याएवढा एक मुलगा आहे, आजी-आजोबांकडे राहतो, सुमी नावाच्या मैत्रिणीपुढे त्याची पार तारांबळ उडते, आणि तो आपल्यासारखंच बोलतो. बास.

लंपन लिहिणारे प्रकाश नारायण संत बेळगावचेच, इंदिरा संतांचे चिरंजीव. साठच्या दशकात 'सत्यकथा' मासिकात लंपनच्या काही कथा आल्या आणि मग हा लेखक गप्प बसला. कराडला भूगर्भशास्त्र शिकवत राहिला. 'वनवास' पुस्तक आलं ते १९९४ मध्ये. त्यात कन्नडमिश्रित मराठी आहे, आपल्याकडची झाडी आहे, आपल्याकडच्या आज्या आहेत, आणि सीमावादाची एक ओळही नाही. तरी या भागाबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकांना जितकं प्रेम या पुस्तकांनी दिलं तितकं कुठल्या भाषणाने दिलं असेल असं मला वाटत नाही. माझं हे भाषण धरून. २०२४ मध्ये लंपनवर मालिका आली आणि मोबाइलवर ती पाहिलेली पोरं वाचनालयात पुस्तक मागायला आली. मघाशी मोबाइलला नावं ठेवायचं मी टाळलं, ते यासाठीही.

आणि कन्नड? आपल्यातली पुष्कळ मुलं आता कन्नड शाळेत जातात, घरी मराठी बोलतात. त्यांना दोन्ही लिप्या येतात. आपण त्यांच्याकडे हरवलेली मुलं म्हणून पाहतो. मी त्यांच्याकडे पाहतो ते विरूपाक्ष-उमाताई एकाच डोक्यात बसलेले म्हणून. त्यांना विचारा, कन्नडमध्ये काय वाचायलाय? आणि ऐका. ऐकण्याने मराठीचं काही जात नाही.

हल्ली पुस्तकं पोचवायची साधनं पुष्कळ आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना पुस्तकांच्या पेट्या गटागटांत फिरवते आणि तिच्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. चांगलं काम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मृत्यूपूर्वी वाचावीत अशी शंभर पुस्तकं' फिरतात, त्यांचा मला वैताग आहे. यादी पाठवणाऱ्याने त्यातली दहा वाचलेली नसतात. आणि मरणाची भीती घालून पुस्तक का वाचायला लावायचं?

सांगायचं तर चालू असलेलं सांगा. संपलेल्या पुस्तकावर माणूस परीक्षण करायला लागतो, आवाज बदलतो. कितव्या पानावर आहे, काय आवडायलंय, कुठे कंटाळा आला, एवढंच. अर्धवट टाकलं असेल तर तेही बिनदिक्कत सांगा. स्वयंपाकाचं पुस्तक चालेल, रहस्यकथा चालेल, जुना दिवाळी अंक चालेल. ज्ञानेश्वरी वाचत असाल तर अवश्य सांगा, पण खरंच वाचत असाल तर.

म्हणून आयोजकांशी मी एक गोष्ट ठरवून घेतली आहे. माझा अर्धा वेळ तुमचा. सुरुवात मीच करतो. मी सध्या पूर्णचंद्र तेजस्वींचं 'कर्वालो' वाचायलोय, कन्नडमधून. माझं कन्नड बस स्टँडवरचं, त्यामुळे दिवसाला तीन-चार पानं होतात, आणि अडलं की खालच्या मजल्यावरच्या आठवीतल्या पोरीला हाक मारतो. ती हसते, पण सांगते. एक शास्त्रज्ञ, एक शेतकरी आणि मधमाश्यांमागे लागलेला मंदण्णा नावाचा एक अवलिया घाटातल्या रानात उडणारा सरडा शोधायला निघाले आहेत. सरडा सापडतो की नाही ते मला अजून कळलेलं नाही, आणि तुमच्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून गप्प बसावं.

आता माइक खाली द्या. पहिल्या रांगेला नको, तिथे सगळे पाहुणे आहेत, ते भाषण करतील. मागून सुरू करू. खांबाजवळच्या ताई, तुम्ही. काय वाचायलाय सध्या?